तिकीट कोणाचं, छप्पर कोणाचं? अंतराळ पर्यटनाची एक चिकित्सा

 

आयोजकांनी आम्हाला विषय दिला होता 'अंतराळ पर्यटन : उद्याची संधी'. आम्ही पस्तीस-छत्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, संधी कधी शिकवली नाही. तेव्हा विषय आम्ही थोडा वाकवून घेतला आहे. संधी आहे असं गृहीत धरू. ती कोणाला आहे, आणि तिची जोखीम कोणाच्या डोक्यावर आहे, एवढंच आज तपासायचं आहे.

सुरुवात अवकाशापासून करत नाही, चंद्रपूर जिल्ह्यापासून करतो.

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. आमच्या नागपूरच्या भाच्यानं त्याचा व्हिडिओ पाठवला. आम्ही तो तत्परतेनं 'उल्कावर्षाव पाहा' असं लिहून चार गटांवर पुढे ढकलला. पीएचडी झालेल्या माणसानं! तासाभरात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, उल्का इतकी सावकाश जात नाही. हे मानवनिर्मित आहे." आम्ही खजील झालो.

त्याच वेळी सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सामूहिक जेवणाची तयारी चालू होती. गावातल्या मोकळ्या जागेत एक तापलेलं, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं मोठा आवाज करत येऊन पडलं. लोक घाबरून घरात शिरले. पुढच्या काही दिवसांत आसपासच्या शिवारात आणि जंगलात धातूचे गोळे सापडले. कडं पोलीस ठाण्यात नेऊन ठेवलं गेलं, इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. उपग्रहांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासकांनी जुळणी केली ती अशी, की हा चीनच्या 'लाँग मार्च ३-बी' रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो उडाला, काम झाल्यावर वर्षभर पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि पाडव्याला आपल्याकडे उतरला. सुदैवानं कोणाला इजा झाली नाही.

आता कोणी विचारेल, सर, हे चीनचं रॉकेट, त्यात उपग्रह होता, पर्यटक नव्हता. याचा अंतराळ पर्यटनाशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही त्याच्याकडे परत येणार आहोत. तोवर लाडबोरीचं ते कडं मनाच्या एका कोपऱ्यात ठेवा.

आधी पर्यटनाचं काय झालं ते पाहू. २८ एप्रिल २००१ रोजी डेनिस टिटो नावाचे अमेरिकन गृहस्थ रशियाच्या सोयूझ यानातून अंतराळ स्थानकावर गेले. खर्च सुमारे दोन कोटी डॉलर. स्वतःच्या पैशानं गेलेला हा पहिला प्रवासी. २००४ मध्ये 'स्पेसशिपवन' या खाजगी यानानं एक कोटी डॉलरचं अन्सारी एक्स प्राइझ जिंकलं. त्याच वर्षी व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनी निघाली आणि दोन-तीन वर्षांत प्रवासी नेण्याची भाषा झाली. प्रत्यक्षात रिचर्ड ब्रॅन्सन स्वतः वर गेले ११ जुलै २०२१ ला, आणि नियमित गिऱ्हाईक नेणारी उड्डाणं सुरू झाली २०२३ च्या जूनमध्ये. मधल्या काळात, ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी चाचणी उड्डाणात एका वैमानिकाचा जीव गेला. जून २०२३ ते जून २०२४ या वर्षभरात अशी सात व्यावसायिक उड्डाणं झाली आणि मग ते यान निवृत्त केलं गेलं. तिकीट दोन लाख डॉलरपासून सुरू झालं, पुढे साडेचार लाख, मग सहा लाख. म्हणजे वस्तू जुनी होईल तशी स्वस्त होते हा बाजाराचा नियम इथे उलटाच चालला.

ब्लू ओरिजिनचं 'न्यू शेपर्ड' यान शंभर किलोमीटरच्या वर जायचं. शंभर किलोमीटरला कारमान रेषा म्हणतात, अवकाशाची रूढ सीमा. अमेरिकेत पन्नास मैल म्हणजे साधारण ऐंशी किलोमीटर ही सीमा धरतात. सगळा प्रवास दहा-अकरा मिनिटांचा, त्यात वजनरहित अवस्था तीन-चार मिनिटं. वाशीहून पनवेलला लोकलनं जायला याहून जास्त वेळ लागतो. १९ मे २०२४ ला गोपीचंद थोटाकुरा याच यानातून गेले, ते पहिले भारतीय अंतराळ पर्यटक.

तर वीस-पंचवीस वर्षांच्या गाजावाजानंतर हिशेब असा. काही मिनिटांची उडी मारून आलेले मोजके लोक, आणि कक्षेत जाऊन आलेले त्याहून मोजके. इतका तुटपुंजा धंदा असताना एवढी चर्चा का? आमच्या मते पर्यटन हा या व्यवसायाचा दर्शनी भाग आहे. लग्नाच्या हॉलबाहेर जशी रोषणाई असते, तशी. आतला स्वयंपाक वेगळा आहे. आत आहेत उपग्रह. हजारोंच्या संख्येनं सोडले जाणारे इंटरनेटचे उपग्रह, पृथ्वीची छायाचित्रं विकणाऱ्या कंपन्या, संरक्षण खात्यांची कामं. आणि आहेत सरकारी कंत्राटं. २०१४ मध्ये नासानं माणसं अंतराळ स्थानकावर नेण्यासाठी बोइंगला ४.२ अब्ज आणि स्पेसएक्सला २.६ अब्ज डॉलरपर्यंतची कंत्राटं दिली. धंदा खाजगी, गिऱ्हाईक सरकारी.

यात आम्ही कोणाला चोर म्हणत नाही. खाजगी कंपन्यांनी काही खऱ्या गोष्टी करून दाखवल्या. डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन-९ रॉकेटचा पहिला टप्पा कक्षेत जाणाऱ्या उड्डाणातलं आपलं काम उरकून उभाच्या उभा जमिनीवर परत उतरला. पूर्वी तो समुद्रात टाकून द्यायचे. तोच टप्पा पुन्हा पुन्हा वापरल्यानं खर्च उतरला. हे नाकारणं म्हणजे डोळे मिटून बसणं होईल. आमचा आक्षेप 'व्यावसायिक' या शब्दामागे जे लपतं त्याला आहे. व्यावसायिक म्हटलं की आपल्याला वाटतं, ज्याचा नफा त्याचा तोटा. अवकाशात तसं नाही.

आपल्याच देशाचं उदाहरण घ्या. १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत यानातून गेले. तो दोन सरकारांमधला करार होता. एक्केचाळीस वर्षांनी, २५ जून २०२५ ला, ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला निघाले ते 'अ‍ॅक्सिअम-४' मोहिमेतून. मोहीम खाजगी कंपनीची, रॉकेट आणि यान दुसऱ्या खाजगी कंपनीचं, जागेचे पैसे भारत सरकारचे. बातम्यांमधला आकडा साडेपाचशे कोटी रुपयांच्या आसपासचा. त्यांनी तिथे भारतीय शास्त्रज्ञांचे प्रयोग केले, गगनयानाला उपयोगी पडेल असा अनुभव घेतला, आणि १५ जुलैला परतले. हा पैसा वाया गेला असं आम्ही म्हणत नाही. पण शुक्लांना आपण काय म्हणायचं? प्रवासी? कर्मचारी? मराठी वर्तमानपत्रांनी एका क्षणाचाही विचार न करता लिहिलं, अंतराळवीर.

शब्द पाहा. इंग्रजीतल्या मूळ शब्दात ताऱ्यांचा खलाशी एवढाच अर्थ आहे. मराठीनं त्याला 'वीर' जोडला. वीर कोण? ज्यानं दुसऱ्यासाठी धोका पत्करला तो. शुक्लांना हा शब्द शोभतो, ते हवाई दलाचे वैमानिक आहेत, सार्वजनिक कामासाठी गेले. पण सहा लाख डॉलर भरून खिडकीशी बसणारा वीर कसा? हा पेच अमेरिकेलाही पडला होता. तिथलं हवाई वाहतूक खातं अशा प्रवाशांना बिल्ले द्यायचं. जुलै २०२१ मध्ये त्यांनी नियम घट्ट केला, की उड्डाणाच्या सुरक्षिततेला ज्याचा काही हातभार लागला त्यालाच बिल्ला. आणि २०२१ संपताना ती योजनाच बंद केली. म्हणजे सरकारनं कबूल केलं की तिकीट आणि शौर्य या दोन गोष्टी आहेत. आपण मात्र एकच शब्द दोघांना वापरतो, आणि शब्द सारखा झाला की आदरही सारखा होतो. जाहिरातदाराला याहून जास्त काय हवं?

आता या व्यवसायाच्या बाजूनं जे तीन मोठे युक्तिवाद केले जातात, ते एकेक करून पाहू.

पहिला : वरून पृथ्वी पाहिली की माणूस बदलतो. सीमा दिसत नाहीत, वातावरणाचा पापुद्रा किती पातळ आहे ते दिसतं, माणूस नम्र होतो. फ्रँक व्हाइट या लेखकानं १९८७ मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं. अनुभव खरा असेल. नव्वदाव्या वर्षी वर जाऊन आलेले अभिनेते विल्यम शॅटनर यांनी नंतर लिहिलं, की आपल्याला वर आनंदाऐवजी शोक जाणवला, काळोखात मरण दिसलं आणि खाली पृथ्वीचा नाश होताना दिसला. प्रामाणिक माणूस. पण प्रश्न असा की हे कळायला शंभर किलोमीटर वर जावं लागतं का? आणि कळल्यावर माणूस खाली येऊन वेगळं काय करतो? आमच्या परंपरेत दर्शनाला किंमत आहे, पण दर्शनानंतरच्या वागण्याला जास्त. वारीहून आलेला माणूस भावाशी कोर्टात तसाच भांडत राहिला, तर गाव त्याच्या माळेला हसतं.

दुसरा : पृथ्वी धोक्यात आहे, म्हणून मंगळावर वस्ती हवी, तो मानवजातीचा विमा आहे. हाना आरेंट या तत्त्वचिंतक बाईंनी १९५८ च्या आपल्या ग्रंथाची सुरुवातच स्पुटनिकपासून केली आहे. त्यांना आश्चर्य वाटलं होतं ते लोकांच्या प्रतिक्रियेचं. अभिमानापेक्षा तिच्यात सुटकेचा भाव होता, जणू पृथ्वी हा तुरुंग आणि त्याचं दार किलकिलं झालं. आज सत्तर वर्षांनी तीच भाषा गुंतवणूकदारांच्या बैठकीत ऐकू येते. विम्याचा एक साधा नियम आहे. पॉलिसीवर नाव कोणाचं ते आधी पाहायचं. मंगळाच्या पॉलिसीवर लाडबोरीतल्या कोणाचं नाव असेल असं आम्हाला वाटत नाही. 'मार्स वन' नावाच्या डच उपक्रमानं एकेरी प्रवासाचं स्वप्न विकलं, २०१५ मध्ये शंभर जणांची यादीही जाहीर केली, त्यात तीन भारतीय होते. २०१९ च्या जानेवारीत कंपनीचं दिवाळं निघालं.

तिसरा युक्तिवाद सगळ्यात बळकट आहे, आणि त्याच्यासाठी आम्ही हे व्याख्यान घेतलं. तो असा : कोणी स्वतःच्या पैशानं, धोका समजून, स्वतःच्या मर्जीनं वर जात असेल, तर तुमच्या पोटात का दुखतं? जॉन स्टुअर्ट मिल शिकवणाऱ्या प्राध्यापकाला हा प्रश्न अडचणीचा आहे. कारण मिल म्हणेल, ज्याचं नुकसान त्याचंच असेल तर अडवू नका.

अमेरिकेचा कायदा याच पायावर उभा आहे. २००४ च्या कायद्यानं ठरवलं की व्यावसायिक यानातल्या प्रवाशांच्या सुरक्षेबद्दल सरकार तूर्त नियम करणार नाही. कंपनीनं धोका सांगायचा, प्रवाशानं समजून सही करायची. माहितीपूर्ण संमती. ही सवलत वारंवार वाढवली गेली, आता १ जानेवारी २०२८ पर्यंत आहे. तत्त्व म्हणून हे आम्हाला मान्य आहे. प्रौढ माणसाला मरण्याचाही धोका पत्करू द्यावा.

आता मनातलं ते कडं बाहेर काढा. प्रवाशानं सही केली. लाडबोरीनं कुठे सही केली होती?

सगळा मुद्दा इथे आहे, मंडळी. खुर्चीत बसणाऱ्याची संमती लेखी घेतली जाते, छपराखाली बसणाऱ्याची विचारलीच जात नाही. मिलचं तत्त्व दोन माणसांपैकी एकालाच लावलं जातं.

मघाचा आक्षेप : ते रॉकेट पर्यटकांचं नव्हतं. खरं आहे. न्यू शेपर्डसारखी यानं कक्षेत जात नाहीत, सगळे भाग लगेच खाली येतात, त्यांच्यापासून लाडबोरीला धोका नाही. पण खाजगी प्रवाशांच्या कक्षेतल्या मोहिमा घ्या. ज्या ड्रॅगन यानातून शुक्ला गेले, त्याच्या मागे एक पोकळ भाग असतो, त्याला ट्रंक म्हणतात, त्यावर सौरपट्ट्या असतात. परतीच्या आधी तो सोडून द्यायचे आणि म्हणायचे, वातावरणात जळून जाईल. २०२४ च्या वसंतात कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतात एका शेतकऱ्याला शेतात जळके मोठे तुकडे सापडले. ते 'अ‍ॅक्सिअम-३' मोहिमेच्या ट्रंकचे होते. शुक्लांच्या आधीची, त्याच कंपनीची मोहीम. तसेच तुकडे २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शेतांत आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनात पडले होते.

मग कंपनीनं काय केलं? यानं उतरवण्याची जागा अटलांटिकच्या बाजूहून पॅसिफिकच्या बाजूला हलवली, आणि ट्रंक उशिरा सोडायचा म्हणजे तो समुद्रात ठरल्या जागी पडेल असा क्रम ठरवला. शुक्ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ उतरले ते या बदलानंतर. आम्ही हे मुद्दाम सांगतो आहोत, कारण यातून दोन गोष्टी दिसतात. एक, उपाय होता. दुसरी, तो उपाय तक्रार ऐकली जाईल अशा ठिकाणी तुकडे पडल्यावर सुचला.

थोडं विज्ञान. रॉकेटचा वरचा टप्पा उपग्रह सोडून स्वतः कक्षेत राहतो. इंधन राखून ठेवलं असेल तर इंजिन पुन्हा पेटवून त्याला निर्जन समुद्रात उतरवता येतं. याला नियंत्रित पुनःप्रवेश म्हणतात. इंधन राखलं नाही तर तो हवेच्या विरळ घर्षणानं हळूहळू खाली सरकतो, आणि केव्हा, कुठे पडेल ते शेवटच्या काही तासांपर्यंत कोणी सांगू शकत नाही. बराचसा भाग जळतो. जे उरतं ते दाब सहन करण्यासाठी बनवलेल्या गोल टाक्या, जाड कडी, उच्च तापमानाला वितळणारे धातू. सिंदेवाहीच्या रानात गोळे का सापडले याचं उत्तर हे.

आणि कुठे पडेल, यातही भूगोल पक्षपाती आहे. कक्षेचा विषुववृत्ताशी कोन तीस अंश असेल, तर ते यान तीस अंशांच्या पलीकडे, उत्तरेला किंवा दक्षिणेला, जातच नाही. दूरसंचार उपग्रह नेणारे पुष्कळ टप्पे अशा कमी कोनाच्या कक्षांत राहतात. म्हणजे ते मॉस्कोवर पडू शकत नाहीत, लंडनवर पडू शकत नाहीत. चंद्रपूरवर पडू शकतात. कॅनडातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये 'नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी' या नियतकालिकात हिशेब मांडला. सध्याची पद्धत चालू राहिली तर पुढच्या दशकात कोणी ना कोणी जखमी किंवा मृत होण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या घरात, आणि जकार्ता, ढाका, लागोस यांच्या अक्षांशावर रॉकेटचा सांगाडा पडण्याची शक्यता न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्कोच्या किमान तिप्पट. ज्यांनी उडवलं त्यांच्यापेक्षा ज्यांनी उडवलं नाही त्यांना धोका जास्त.

जॉन रॉल्सनं १९७१ च्या ग्रंथात न्यायाची एक कसोटी दिली. नियम ठरवताना आपण अज्ञानाच्या पडद्याआड आहोत असं समजा. पडदा उठल्यावर आपण खुर्चीत असू की छपराखाली, हे माहीत नाही. अशा वेळी कोणता नियम निवडाल? आम्हाला खात्री आहे, तिकीट विकणारा सगळ्यात उत्साही माणूसही म्हणेल, थोडं इंधन राखून ठेवा बुवा, तिकीट थोडं महाग झालं तरी चालेल.

कायदा याबाबत अगदीच गप्प नाही. १९६७ चा बाह्य अवकाश करार सांगतो की खाजगी कंपनीच्या अवकाशातल्या कामांची आंतरराष्ट्रीय जबाबदारी तिच्या देशाची. १९७२ चा उत्तरदायित्व करार सांगतो की जमिनीवर झालेल्या नुकसानाची भरपाई प्रक्षेपण करणाऱ्या देशानं द्यायची, चूक सिद्ध करण्याची गरज नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. मार्च २०२४ मध्ये अंतराळ स्थानकावरून टाकलेल्या सामानाचा पाऊण किलोचा तुकडा फ्लोरिडातल्या एका घराचं छप्पर फोडून आत आला. त्या कुटुंबानं वकिलामार्फत नासाकडे ऐंशी हजार डॉलर मागितले. पण हे करार देशांमधले आहेत. लाडबोरीत समजा एखाद्याचा बैल मेला असता, तर त्यानं कोणत्या टेबलाकडे अर्ज करायचा होता? तलाठ्याकडे? पंचनाम्याच्या छापील नमुन्यात अतिवृष्टी आहे, वीज आहे, वन्यप्राणी आहे. रॉकेट हा रकाना कुठून आणायचा?

इथे आपल्याच घरातलं सांगायला हवं, नाहीतर व्याख्यान एकतर्फी होईल. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एक मोठं नळकांडं वाहत आलं. ते आपल्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं निघालं. म्हणजे आपणही कोणाच्या तरी अंगणात टाकतो. त्याच वर्षी ७ मार्चला इस्रोनं मेघा-ट्रॉपिक्स-१ हा निवृत्त उपग्रह उरलेलं इंधन वापरून पॅसिफिक महासागरात ठरवून उतरवला, खरं तर तो तसा उतरवण्यासाठी बांधलेला नव्हता. आणि २०३० पर्यंत भारताच्या सगळ्या मोहिमा, सरकारी आणि खाजगी, कचरामुक्त करण्याचं उद्दिष्ट २०२४ मध्ये जाहीर झालं. दोन्ही गोष्टी एकाच संस्थेच्या. चांगलं करता येतं, म्हणूनच न केलेलं खुपतं.

आमच्या पिढीला अवकाश म्हटलं की काय आठवतं? कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस आठवतात. गेल्या २२ ऑक्टोबर २०२५ ला पुण्यात ते गेले, शंभर वर्षांचे होऊन. श्रीहरिकोटाची जागा हेरण्यात त्यांचा वाटा होता, आणि १९७५-७६ च्या 'साइट' प्रयोगाचे ते व्यवस्थापक होते. अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी घेऊन सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत शेती, आरोग्य, शिक्षणाचे दूरचित्रवाणी कार्यक्रम दाखवले. त्या काळी विक्रम साराभाईंना विचारलं जायचं, गरीब देशाला अवकाश कशाला? उत्तर होतं, गरीब देशाच्या कामासाठी. तेव्हाही सगळं स्वच्छ नव्हतं. श्रीहरिकोटा बेटावरच्या यानादी आदिवासींना जागा सोडावी लागली. पण निदान प्रश्न विचारला जायचा आणि उत्तर द्यावं लागायचं. आज २०२३ चं अवकाश धोरण आहे, परवाने देणारं इन-स्पेस आहे, २०२४ पासून परकीय गुंतवणुकीला दार मोठं उघडलं आहे, स्कायरूट आणि अग्निकुल यांची रॉकेटं उडून झाली आहेत. अवकाश व्यवहारांच्या कायद्याचा मसुदा मात्र २०१७ मध्ये लोकांपुढे आला आणि अजून कायदा झालेला नाही. दुकान उघडलं, तक्रारपेटी लावायची राहिली.

आपण वाशीत बसलो आहोत, म्हणून शेवटचा मुद्दा इथला. १९७० मध्ये सिडको आली. ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात उरण भागात गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व पुढे आलं. आम्ही त्यानंतर काही वर्षांनी नेरूळला घर घेतलं. कोणाच्या भातखाचरावर घेतलं, हे आम्ही तेव्हा विचारलं नाही. लाज वाटते, पण खरं आहे. आता उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून, दहा गावं हलवून विमानतळ झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं सुरू झाली. आमची मुलगी तिथून येईल तेव्हा आम्हालाही आनंदच होणार आहे. विमानतळ नको होता असं आम्ही म्हणत नाही. उड्डाणाला आधी जमीन लागते आणि ती कोणाची तरी असते, हे या शहरातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागू नये, एवढंच म्हणतो. इथल्या गावांना निदान लढायला समोर कोणीतरी होतं. लाडबोरीसमोर कोण आहे?

तर अंतराळ पर्यटनाचं भवितव्य काय, या मूळ प्रश्नाला आमचं उत्तर : श्रीमंतांची छोटी उडी हा छोटाच धंदा राहील. कक्षेतला प्रवास सरकारांच्या पैशानं चालू राहील. उपग्रहांची गर्दी वाढेल. थांबवा असं आम्ही म्हणत नाही. तीन गोष्टी मागतो. प्रत्येक मोठ्या टप्प्याचा नियंत्रित शेवट ही परवान्याची अट असावी. भारतात कायदा व्हावा आणि त्यात खेड्यातल्या माणसाला जिल्हाधिकारी कचेरीत भरपाई मागता येईल अशी तरतूद असावी. आणि तिकिटाच्या किमतीत खाली राहणाऱ्यांच्या विम्याचा हप्ता धरावा. एवढं केलं की खुशाल जा. आम्ही टाटा करायला येऊ.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, विमानं सुरू झाली तेव्हाही ती श्रीमंतांचीच होती. आज आम्ही सगळे जातो. अवकाशाचंही तसंच होणार नाही का?

चांगला प्रश्न. तुलना मोहक आहे, पण एक फरक पाहा. विमान माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेतं. तिथे काम असतं, लग्न असतं, आजारी आई असते. म्हणून गर्दी झाली आणि गर्दीनं भाडं उतरलं. दहा मिनिटांची उडी जिथून निघते तिथेच परत येते. वर जाण्याचं कारण निघालं, तर भाडं उतरेलही. तसं झालं तर आम्ही आमचं मत बदलू. पण तेव्हा उड्डाणं हजारपट झालेली असतील, आणि आमच्या तीन मागण्या हजारपट महत्त्वाच्या.

प्रश्न : आणि सर, फुकट तिकीट मिळालं तर तुम्ही जाल?

(हशा) आमच्या नातीनं हेच विचारलं होतं. आम्ही तिला म्हटलं, बेटा, गुडघ्यांना वजनरहित अवस्था मिळणार असेल तर विचार करू. ती गंभीर झाली. म्हणाली, "आजोबा, पण सही करण्याआधी नीट वाचा हं." आम्ही तिला कबूल केलं की वाचू, आणि त्यात खालच्या माणसांचं काय लिहिलं आहे तेही पाहू. तिला ते पटलं असावं. तुम्हाला पटलं का, ते तुम्ही ठरवा.